सोपानरावांचे फटफटीस मागील दिवे लागले त्याची हकीकत

॥ श्री ॥ ज्याचे कृपेने पुढील वाट दिसते त्यास नमन, आणि ज्याचे कृपेने मागून येणारास आपण दिसतो त्यास दोन नमने अधिक. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्षमास, ते सालचे हे वर्तमान. संवत्सराचे नाव जैसे, तैसेच सारे घडले. कोणे राज्यी घडले ते लिहिण्याची मनाई आहे, सबब लिहीत नाही. बाकी घडले तैसे लिहितो, पदरचे काही घालीत नाही. घालण्याजोगे त्राण लिहिणाराचे अंगी उरलेही नाही.

त्या राज्यात राजश्री सोपानराव खैरनार म्हणोन वीजमंडळाचे पेन्शनर वायरमन राहत होते. चौतीस वर्षे खांबांवर चढले, बेचाळीस गावी उजेड नेला, आणि वादळात तार तुटली म्हणजे लोक देवाचे आधी सोपानरावांस हाक मारीत ऐसा त्यांचा लौकिक. वय वर्षे एकाहत्तर. त्यांचे पदरी एक फटफटी, तिचे वय एकोणतीस, आणि तिचा आवाज तीन शेतांवरून ओळखू येत असे. या फटफटीस, पुढील दिवा वगळिता, मुळात मागील दिवा एक आणि वळण दाखविणारे इंडिकेटर चार ऐसे पाच दिवे होते. त्यांपैकी इंडिकेटर उसात अडकतात म्हणोन सोपानरावांनी स्वहस्ते कापून काढिले आणि तारांची टोके काळ्या टेपेने बांधून टाकिली. आणि मागील दिवा एकदा गोठ्याचे भिंतीस लागून फुटला तो फुटलाच राहिला. कोणी पुसिले तर म्हणत की, वळायचे असेल तर हात दाखवितो, देवाने हात कशास दिला. बेचाळीस गावांस उजेड देणाराचे आपले पाठीमागे अंधार, परंतु त्यांस सांगणार कोण? त्यांचे कुटुंब सत्यभामाबाई यांणी वर्षभर सांगून पाहिले आणि मग सांगणे सोडून दिले.

त्या गावावरून मोठा हमरस्ता जातो आणि सोपानरावांचे शेत हमरस्त्याचे पलीकडे. नित्य सकाळी स्वारी निघे, हमरस्त्याने अर्धा कोस जाई आणि निंबाचे फाट्यावर उजवे हातास वळे. चंपाषष्ठीचे आदले रोजी, भृगुवारी म्हणजे शुक्रवारी, स्वारी फाट्यावर आली आणि हात न दाखविता एकाएकी उजवीकडे वळली. मागून प्रवाशांनी भरलेली बस येत होती. तिचे चालक गंगाधर पाटोळे, माणूस शांत, त्यांणी ब्रेक ऐसा दाबिला की आतील पिशव्या पुढे गेल्या, माणसे एकमेकांवर गेली, आणि एका बाईचे कपाळ दांडीवर आपटून टेंगूळ आले. बस फटफटीपासून वीतभर अंतरावर उभी राहिली. सोपानरावांनी मागे वळून पाहिलेही नाही. ते शेतात गेले आणि कांद्यास पाणी देऊ लागले. परंतु गंगाधर दुपारी तालुक्यास पोहोचले तेव्हा न जेवता थेट कृषी कार्यालयात गेले. तेथे सोपानरावांची एकुलती कन्या रेवतीबाई कारकुनीचे कामावर होत्या. त्यांचे टेबलापुढे उभे राहून गंगाधर म्हणाले, "ताई, आज तुमचे आबा वाचले. माझ्या गाडीत एक्केचाळीस माणसं होती, तीबी वाचली. उद्याचं मला विचारू नका."

रेवतीबाईंनी फाईल मिटली, अर्ध्या दिवसाची रजा टाकिली, आणि आपली स्कूटर काढून माहेरी आल्या. मग बापलेकीत बोलाचाली जाहाली ती सारी लिहू जाता कागद पुरणार नाही. सार इतकेच की, कन्येने चावी मागितली, पित्याने दिली नाही. कन्या म्हणाली की चावी नाही तर दिवे लावा, पाचही, आणि येत्या आदितवारी. आणि पिता म्हणाले की दिवे लावू, परंतु वायरिंग मी करीन, तुझे ते फोनमधील व्हिडिओ मजपुढे आणू नयेत. सत्यभामाबाई आतून चहा घेऊन आल्या, पेले ठेविले आणि परत आत गेल्या. ऐसा तह जाहाला.

मग दुसरे रोजी मंदवारी रेवतीबाई तालुक्याचे हनीफशेठ यांचे दुकानी गेल्या. हनीफशेठ जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकतात आणि गिऱ्हाइकाचे पूर्ण ऐकून घेतात, हा गुण त्या बाजारात दुर्मिळ. त्यांणी फटफटीचे साल ऐकिले, हसले, आणि म्हणाले की मूळचे दिवे आता येत नाहीत, नवे तऱ्हेचे एलईडी घ्या, वीज थोडी खातात आणि उजेड दांडगा देतात. ते दिवे घेऊन रेवतीबाई आल्या. मागील दिव्यास तीन तारा, काळी, तांबडी, पिवळी; इंडिकेटरांस दोन दोन; आणि कोणती तार कशाची हे सांगणारा कागद खोक्यात नाही. खोक्यावर एक चित्र होते, त्यात एक हसणारा मनुष्य निराळ्याच गाडीवर बसलेला.

शुद्ध सप्तमी, आदितवार, सकाळी नऊ वाजता अंगणात काम सुरू जाहाले. सोपानरावांनी सीट उचलिली आणि आत पाहून रेवतीबाई मटकन पायरीवर बसल्या. एकोणतीस वर्षांत जेथे जेथे तार तुटली तेथे तेथे सोपानरावांनी हाती लागेल ती तार जोडिली होती. काही मंडळाची, काही घराचे वायरिंगची, एक तर जुन्या रेडिओची. आणि त्या सर्वांवर काळी टेप गुंडाळून सर्वांचा रंग एक केला होता. कन्येने पुसिले की यांतील ब्रेकची कोणती. सोपानराव म्हणाले, मला ठाऊक आहे. आणि मग दीड तास त्यांस ठाऊक नव्हते. एक तार सोलावी, टेस्टर लावावा, दिवा न लागावा, परत टेप लावावी. दुसरी सोलावी, तोच प्रकार. आणि तिसरी सोलली तेव्हा हॉर्न वाजला आणि शेजारचे कुत्रे भुंकू लागले. अखेर साडेदहाचे सुमारास मागील दिवा लागला आणि लख्ख लागला. सोपानरावांचे मुद्रेवर तेज आले. रेवतीबाईंनी ब्रेक दाबून पाहिला. दिवा होता तैसाच. सोडिला, तरी तैसाच. म्हणजे ब्रेकची तार मागील दिव्यास आणि दिव्याची तार ब्रेकास गेली. सोपानराव म्हणाले, सदा लख्ख राहिला तर वाईट काय, उलट लांबून दिसेल. रेवतीबाईंनी तारा सोडविल्या, उलट करून जोडिल्या, आणि ब्रेक दाबताच दिवा मंदाचा लख्ख जाहाला. एवढ्या एका दिव्यास अर्धा दिवस गेला.

जेवणानंतर उजवे बाजूचे दोन इंडिकेटर लाविले. बटण उजवीकडे सारिले. दोन्ही लागले आणि लागलेलेच राहिले. उघडझाप म्हणोन नाही. बटण आणिले, नेले, पुन्हा आणिले. बॅटरी पाहिली, जोड पाहिले. दिवे डोळे वटारून पाहत बसलेल्या माणसासारखे एकसारखे जळत होते. सोपानराव म्हणाले की दिव्याचे काम जळणे, ते तो करितो, मिचकावण्याची हौस कशाला. रेवतीबाई म्हणाल्या की जळता दिवा पाहून मागच्यास वळण कसे कळावे. पिता म्हणाले, कळते. कन्या म्हणाली, कळत नाही. आणि ऐसे कळते, कळत नाही करिता ऊन उतरले, आणि रेवतीबाई तोंड न धुता स्कूटरवर बसून तालुक्यास गेल्या. उजवे दिवे राहिले ते राहिले, डावे खोक्यातच.

मग हनीफशेठ यांणी उकल सांगितली. उघडझाप करणारी डबी, जिला फ्लॅशर म्हणतात, ती जुनी आहे. जुने मोठे बल्ब भरपूर वीज ओढीत तेव्हा ती तापून टिकटिक करी. हे नवे दिवे इतकी थोडी ओढितात की तिला जागच येत नाही. नवी डबी घ्या, दोन पिना, काढायची आणि खोचायची, हत्यारही नको. रेवतीबाईंस इतका आनंद जाहाला की वाटेत त्यांणी आईस फोन करून सांगितले. आनंद आठ दिवस टिकला.

पौर्णिमेचे आदितवारी नवी डबी खोचिली आणि उजवे दिवे टिकटिक उघडझाप करू लागले. सत्यभामाबाईही पाहावयास बाहेर आल्या. मग डावे दोन लाविले, आणि रेवतीबाईंनी बटण डावीकडे सारिले, आणि चारही दिवे एकदम मिचकू लागले. उजवीकडे सारिले, तरी चारही. मधे आणिले, सारे विझले. लिहिणारास येथे लेखणी खाली ठेवून थोडे फिरून यावे लागले. सोपानराव म्हणाले, अर्थिंगचा दोष. नव्या जागी रंग खरवडून अर्थिंग दिले, चारही मिचकले. बॅटरीपासून निराळी तार आणिली, चारही मिचकले. डाव्या दिव्यांची टोके अदलाबदल केली. तेव्हा डावे लागलेच नाहीत, आणि परत जोडिता चारही मिचकले. फोनमध्ये पाहावे ऐसे रेवतीबाई म्हणाल्या तर सोपानरावांनी पकड खाली आपटिली. मग त्यांणी रागाचे भरात एक तार भलत्या जागी टेकविली, ठिणगी उडाली आणि फ्यूज गेला. दुसरा घातला, तोही गेला. घरात तिसरा नव्हता. तेव्हा सोपानरावांनी तांब्याची एक काडी पिळून फ्यूजचे जागी बसविली आणि चावी फिरविली. क्षणभराने सीटखालून जळक्या रबराचा वास आला आणि मग धूर. रेवतीबाईंनी झडप घालून बॅटरीची तार उपटिली आणि बोटास चटका बसला.

ऐसियास त्यांचा धीर सुटला. नऊ दिवस दाबून ठेविले ते बाहेर आले. म्हणाल्या की चौतीस वर्षे लोकांचे घरी फ्यूजचे जागी काडी घालू नका म्हणोन सांगत फिरलात, आणि आपले घरी हे. म्हणाल्या की त्या बाईचे कपाळास टेंगूळ आले ते तुम्हांस ठाऊक तरी आहे काय. आणि अखेर म्हणाल्या, "इतकी वर्षं हात दाखवत होतात ना आबा? मग दाखवा. आत्ता दाखवा, मला बघू द्या."

सोपानरावांनी हात दाखविला नाही. ते आत निघून गेले. रेवतीबाईंस वाटले की राग धरिला. तेव्हा सत्यभामाबाई पायरीवर येऊन लेकीजवळ बसल्या, तिचे भाजलेले बोट आपले हाती घेतले, आणि हळू आवाजात म्हणाल्या, "त्यांचा हात वर होत नाही गं. दिवाळीपासून सदऱ्याची उजवी बाही मीच घालते. तुला सांगू नको म्हणून शपथ घातलेली."

हे ऐकून रेवतीबाईंनी आपले बोट सोडवून घेतले. मग उठून आत गेल्या. सोपानराव खाटेवर बसले होते. कन्या समोर जमिनीवर बसली. मग सोपानराव खाली पाहून म्हणाले, "खांद्यापर्यंत येतो, मग अडतो. डॉक्टरकडे गेलो तर तो लिहून देणार. हात गेला म्हटलं की चावी जाते, आणि चावी गेली की मी ओट्यावर. चौतीस वर्षं जमिनीवर बसलो नाही मी, रेवती." रेवतीबाईंनी चावीचे नाव काढिले नाही. इतकेच म्हणाल्या की भौमवारी म्हणजे मंगळवारी मी रजा काढिते, आपण दोघे डॉक्टरांकडे जाऊ, आणि तोवर शेतात मजबरोबर स्कूटरवर चला. आणि सोपानराव हो म्हणाले. लेकीचे पाठीमागे बसून जाणे त्यांस किती जड गेले हे त्यांचे त्यांस ठाऊक. दोन दिवस गेले, मान वाकडी करून गेले, आणि भेटेल त्यास सांगत गेले की गाडीचे काम चालू आहे.

भौमवारी दवाखान्यात बाकावर नंबर येण्याची वाट पाहत बसले असता सोपानराव खाली पाहत बोटाने मांडीवर रेघा ओढीत होते. रेवतीबाईंस वाटले की आबांस भय वाटते. परंतु त्यांणी एकाएकी डावा हात पुढे करून तिचे हातची फाईल घेतली, पेन मागितला, आणि फाईलचे पाठीवर वेडीवाकडी रेघ ओढीत म्हणाले, "उलटा सप्लाय आहे तो." कन्येस उमजले नाही. तेव्हा त्यांणी सांगितले की, खांबावर चढताना आम्ही लाइन बंद करून चढतो, परंतु कोणी घरी जनरेटर लाविला असेल तर त्याची वीज उलट मार्गाने तारेत येते, आणि बंद समजून धरिलेली तार जिवंत असते. त्यांचा जोडीदार नामदेव याच कारणे खांबावरून गेला. त्यांचे डोळ्यांदेखत गेला. हे त्यांणी घरी आजवर कधी सांगितले नव्हते. मग म्हणाले, "तसंच इथं. स्पीडच्या काट्याच्या बाजूला तो बारका दिवा आहे ना, इंडिकेटर लागला की लागतो तो? एकच आहे, आणि त्याचं एक टोक डाव्याला, दुसरं उजव्याला. जुने बल्ब असताना त्यातून जाईल तेवढ्या विजेनं पलीकडचे पेटत नव्हते. हे नवे थेंबभर विजेवर पेटतात. त्या बारक्या दिव्यातून वीज पलीकडे जाते." ऐसे म्हणोन त्यांणी फाईल परत दिली आणि त्याच वेळी आतून त्यांचे नावाचा पुकारा जाहाला.

डॉक्टरांनी हात उचलून पाहिला, मागे नेऊन पाहिला, मूठ आवळावयास सांगितली, ब्रेक दाबितात तैसे दाबावयास सांगितले. म्हणाले की खांदा आखडला आहे. पकड मजबूत आहे, फाट्यापर्यंत दिवसाउजेडी सावकाश जाण्यास हरकत नाही, परंतु हात दाखविण्याचे भरवशावर राहू नका, तो होणार नाही. रोज भिंतीजवळ उभे राहून बोटांनी भिंतीवर चढत जा, मुंगी चढते तैसे. सोपानराव म्हणाले की चढण्याचीच नोकरी केली आहे.

मग वद्य सप्तमीचे आदितवारी तिसरी मोहीम. या खेपेस रीत निराळी होती. सोपानराव पाटावर बसून सांगत आणि रेवतीबाई करीत. त्यांणी काट्याशेजारील बारका बल्ब उपटिला आणि बटण डावीकडे सारिले. डावेच दोन मिचकले. उजवीकडे, उजवेच दोन. रेवतीबाई हसू लागल्या आणि मग त्यांस रडूही आले, परंतु हात टेपेने चिकट म्हणोन डोळे पुसता येईनात. सोपानराव म्हणाले की हे अर्धेच जाहाले, बल्ब नसेल तर इंडिकेटर चालू राहिल्याचे मला कळणार नाही. मग हनीफशेठ यांचेकडून दोन डायोड आणविले होते, जे वीज एकाच दिशेने जाऊ देतात आणि परत येऊ देत नाहीत, ते डाव्या आणि उजव्या तारेस एकेक लावून बल्बाचे एकाच टोकास जोडिले आणि बल्बाचे दुसरे टोक बॉडीस दिले. यातही एक डायोड उलटा बसला, एकदा टेप सुटली, आणि सोपानराव दोन वेळा म्हणाले की तुझ्या आईने केले असते तर याहून लवकर जाहाले असते, आणि आईने आतून ऐकून चहा उशिरा दिला. तरीही दुपारी एकचे आत पाचही दिवे लागले, बारका सहावाही लागला, आणि फ्यूज नवा, खरा, काचेचा बसविला. आणि रेवतीबाईंनी तांब्याचे काड्यांची डबी घरातून मागून घेऊन आपले पिशवीत टाकिली.

दुसरे रोजी इंदुवारी सकाळी स्वारी शेतास निघाली. रेवतीबाई कामावर जाण्याचे आधी स्कूटर घेऊन मागे, शंभर पावलांवर, निघाल्या. फाटा आला. त्यांचे मागून उसाने भरलेला ट्रॅक्टर येत होता, दोन ट्रॉल्या जोडलेला, आणि त्याचा ढोल बडविल्यासारखा आवाज रेवतीबाईंस पाठीत जाणवत होता. पुढे फटफटीचा उजवा दिवा मिचकू लागला. मग मागील लख्ख जाहाला. ट्रॅक्टर स्कूटरचे बाजूने पुढे गेला आणि पुढे जाऊन मंद जाहाला, मग थांबलाच, आणि समोरून येणारी जीपही जरा थबकली. सोपानराव मात्र लगेच वळले नाहीत. एक पाय जमिनीस टेकून उभे राहिले, दोन्ही हात दांडीवर, आणि जीप गेली, तिच्यामागून एक सायकल गेली, रस्ता मोकळा जाहाला, तरी आणखी थोडे थांबले. मग ते सावकाश उजवीकडे वळले आणि उसाचे आड गेले. इंडिकेटर बंद करण्याचे विसरले. टिकटिक करीत शेताचे बांधापर्यंत गेले. रेवतीबाई फाट्यावर उभ्या राहून तो नारिंगी ठिपका दिसेनासा होईपर्यंत पाहत राहिल्या आणि त्या रोजी कार्यालयात वीस मिनिटे उशिरा पोहोचल्या.

येणेप्रमाणे तीन आदितवार, एक भौमवार, दोन फ्यूज आणि एक भाजलेले बोट इतक्यांत पाच दिवे लागले. त्या भृगुवारापासून गंगाधर फाट्यावर धास्तीने हॉर्न देऊ लागले होते, ते आता त्यांणी सोडिले आहे. कपाळास टेंगूळ आलेल्या बाईचा पत्ता लागला नाही, सोपानराव तिची विचारपूस बसमध्ये करवितात. हात अद्यापि पुरता वर होत नाही. रोज सकाळी ते भिंतीशी उभे राहून बोटांनी चढतात, सत्यभामाबाई शेजारी उभ्या राहून पेन्सिलीने खूण करितात, आणि काल रोजी बोटे खिडकीचे खालील गजास लागली. वर्तमान जेथवर घडले तेथवर लिहिले; भिंत अजून वर आहे.